आपल्याच कॉलेजात पाहुणी

नेब्रास्कातल्या त्या कॉलेजात मार्लीन ओस्टरमन नऊ वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होती. म्हणजे दर सत्राला नवी नेमणूक, सुट्टीत पगार बंद आणि आजारी पडायची सोय नाही. अखेर यंदा एक कायमची जागा निघाली. तिने अर्ज केला, शेवटच्या तिघांत नावही आलं. जागा आपलीच, असं तिला वाटलं. वाटणारच! पहिल्या वर्षाच्या वर्गांचा सगळा गाडा ती एकटी ओढत होती.

पण विभागप्रमुख थॉर्न्टन गेज पडला नियमावर बोट ठेवून चालणारा. सगळ्या उमेदवारांना सारखी वागणूक द्यायची, असा नियम. मग बाहेरून आलेल्या दोघांचे जे लाड, तेच हिचेही! घर कॉलेजपासून दोन गल्ल्यांवर, तरी तिला हॉटेलात उतरवलं. सकाळी गेज स्वतः गाडी घेऊन हजर.

"प्रवास नीट झाला ना तुमचा?"

एरवी हा माणूस, "ए मार्लीन, एवढे पेपर तपासून टाक गं," म्हणून गठ्ठा आदळायचा. आज एकदम अहोजाहो!

"झाला की. वाटेत माझंच घर लागलं," ती म्हणाली.

तो हसला नाही. हसणं नियमात बसत नसावं. त्याने तिला ग्रंथालय दाखवलं, कॅन्टीन दाखवलं, आणि मग तळघरातली एक बिनखिडकीची खोली.

"इथे आमची तासिकेवरची मंडळी बसतात. फार कष्टाळू हो!"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर मार्लीनचा स्वेटर होता. तिने तो उचलून हातावर टाकला. गेज भिंतीकडे बघत राहिला.

मग नमुना पाठ. आधीच्या दोन्ही उमेदवारांनी तो मार्लीनच्याच वर्गावर घेतला होता. तिला मात्र तो वर्ग नाही. मुलं ओळखीची ना, पक्षपात होईल! म्हणून तिच्यापुढे पाच प्राध्यापक विद्यार्थी बनून बसले. एक डुलक्या घेत होता, दुसरा मोबाईल चाळत होता. सोंग तेवढं हुबेहूब वठवलं मेल्यांनी.

संध्याकाळी निवड समितीबरोबर जेवण. कॉलेजच्या डीनबाईंनी मान तिरकी करून विचारलं, "मग, कसं वाटलं आमचं गाव?"

"छान आहे," मार्लीन म्हणाली आणि ताटातला बटाटा काट्याने चेचत बसली. स्वतःचीच लाज वाटली तिला. पण जागा हवी होती, काय करणार? मन मारून ती शेवटपर्यंत हसत राहिली.

पंधरवड्याने गेजचा फोन आला. अहोजाहो केव्हाच संपलं होतं.

"अगं मार्लीन, फार अटीतटीचं झालं बघ. पण समितीला ताजी नजर हवी होती. त्या दोघांतला कॅलिफोर्नियाचा ब्रॅम आहे ना, त्याला घेतलंय. शिकवण्याचा अनुभव नाही म्हणा, पण संशोधन काय भन्नाट आहे!"

"बरं," ती म्हणाली. फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता एक छोटंसं काम. त्याला वर्षभराची शिष्यवृत्ती मिळालीय, तेव्हा तो येणार पुढच्या वर्षी. तोवर त्याचे तास तू घे. तुझ्याइतकं ते कुणाला जमतंय? तू तर घरचीच!"

मार्लीनच्या मस्तकात तिडीक गेली. नऊ वर्षं ती सगळं निमूट गिळत आली होती. पुढे पोटाचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं. तरी आवाज अगदी शांत निघाला.

"मी नाही घेणार."

"नाही? अगं, ऑगस्टात दोनशे पोरं येऊन बसतील! त्यांना शिकवणार कोण?"

"तुम्ही शिकवा. इतिहासाचे विभागप्रमुख आहात ना?"

गेजने दबक्या, घाबरलेल्या आवाजात विचारलं, "पण मार्लीन... त्यांना शिकवतात तरी काय?"