फुकटचा करंट

महालक्ष्म्यांच्या मागं गुडघ्यांवर बसून भार्गवनं धाकट्या महालक्ष्मीच्या साडीचा घोळ उचलला आणि लायटिंगच्या माळेची वायर त्याच्या हाती लागली. ती दोघींच्या मधे ठेवलेल्या बाबांच्या डब्याकडं वळलीच नव्हती. कोठीच्या दारातून थेट फ्रिजच्या प्लगमध्ये गेली होती. तीही फ्रिज बंद करून! म्हणजे पाहुणे मघापासून ज्या लखलखाटाची वाहवा करत होते, तो घरच्याच मीटरवरचा. भार्गवला हसू आवरेना.

शामराव तहसील कचेरीतून रिटायर झाले आणि मोबाईलमध्ये शिरले. रेडिओच्या लहरींतून घरचा करंट काढता येतो, असं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं. घरामागंच रेडिओचा मनोरा. मग काय, माकडाच्या हाती कोलीत! गच्चीभर तांब्याच्या तारा, खाली प्लास्टिकच्या डब्यात चिमूटभर पुर्जे आणि डब्यावर एक लाल दाणा. त्याला दिवा म्हणायचीही लाज वाटावी. वर साऱ्या सोयऱ्यांना फोन, की यंदा महालक्ष्म्यांपुढची माळ याच करंटवर पेटणार. पोरगा वीज खात्यात इंजिनियर, आणि बाप हवेतून वीज काढतोय! ऑफिसात कळलं असतं तर भार्गवला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"बाबा, तुमच्या दाण्यानं मुंगीलेही वाट दिसणार नाई," तो म्हणाला होता.

"मुंगीचं मुंगी पाहून घेईल," शामराव म्हणाले होते.

आंबिलीचं पातेलं घेऊन आलेल्या रमाबाई दारातच थबकल्या.

"आई, हे तुझं काम?"

"हळू बोल. काल त्याईनं माळ डब्याले जोडून पाह्यली, नाई पेटली. जेवलेसुद्धा नाईत. म्हून मीच..."

"आणि त्याईले वाटून राह्यलं का आपलीच करामत आहे!"

"वाटू दे. आजच्या दिवस गप ऱ्हाय, बापू."

गप? मुळीच नाही. पंगत रंगात आली की सगळ्यांदेखत प्लग उपटायचा, हे भार्गवनं ठरवूनच टाकलं.

बाहेर शामराव पाटावर ताठ बसले होते.

"मीटर नाई, बिल नाई," ते सांगत होते. "भार्गवच्या खात्याले आता दुकान बंद करा लागते."

"भाऊजी, आमच्या ढाब्यालेही एक कनेक्शन मंजूर करा की!" इचोड्याचे मामा सगळ्यांना डोळा मारत म्हणाले.

"दरख्वास्त द्या, पाहू," शामराव गंभीरपणे बोलले. पंगतीत खसखस पिकली.

आता पुरे झालं. प्लग उपटायला भार्गवनं वायरला हात घातला, आणि नेमका तेव्हाच गावाचा करंट गेला. पंखे थांबले, घर अंधारलं. माळही विझली.

"अरे देवा! हवेतला करंटही गेला की हो!" मामा ओरडले आणि सगळी पंगत हसून हसून लोळायची राहिली. सगळ्यात मोठ्यानं भार्गव हसला. मोबाईलचे टॉर्च लागले. त्या उजेडात शामरावांनी माळेकडं पाहिलं, मग रमाबाईंकडं. रमाबाईंनी पदर तोंडाशी नेला. शामरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला आणि मान खाली घातली.

मागं मनोऱ्यापाशी रेडिओवाल्यांचं जनरेटर धडधडू लागलं.

भार्गव उठणार, तेवढ्यात त्याला दोन्ही महालक्ष्म्यांच्या मधल्या सावलीत काहीतरी लाल दिसलं. तो वाकला. टॉर्चच्या उजेडाला त्यानं तळहाताचा आडोसा केला. डब्यावरचा दाणा पेटला होता. घरात करंट नव्हता. डब्यात सेल नव्हता. टिंगल करायला त्यानं स्वतःच तो दोनदा उघडून पाहिला होता.

बाहेर मामांना नवा विनोद सुचला होता. शामरावांची मान अजून खालीच होती.

"मामा, टॉर्च बंद करा," भार्गव म्हणाला.

"काऊन रे? अंधारात जेवू का?"

"बंद करा म्हणलं ना! सगळ्याईनं."

त्याचा आवाज ऐकून हसणं थांबलं. एकेक टॉर्च विझत गेला.

"बाबा," तो म्हणाला, "इकडं पाहा."