काळीज आणि कालेयम

जयवंताबाईला जाऊन पाच दिवस झाले, तरी महिपतच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. गावातले म्हणत, म्हाताऱ्याचं काळीज दगडाचं. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! दिवाळीपासून त्या घरात नवराबायको दुसरं काही जपत नव्हते. जपत होते ते महिपतचं काळीजच.

शुगर दोघांनाही. दिवाळीआधी तेलंगणातल्या भीमपूरच्या शिबिरात दोघांचीही पोटाची आणि छातीची तपासणी झाली. कागद देणारी नर्सबाई हिंदी बोलायची, पण अवयवांची नावं तिच्या तोंडात तेलुगूच यायची. महिपतला म्हणाली, "आपके कालेयम में चरबी है." कालेयम म्हणजे काळीज, एवढं काय कळत नाही! मग जयवंताबाईकडे वळली. "अम्मा, आपके गुंडे के बाजू में चरबी है. बड़े अस्पताल जाना, जल्दी."

बाहेर येताच जयवंताबाई पदर तोंडावर धरून हसली. "अवो, माया बाजूले गुंडे हायेत म्हंते ते बाई!"

"तुया बाजूले तं मीच उभा होतो," महिपत म्हणाला. मग तोही हसला.

बाजूची चरबी म्हणजे महिपतचीच, तेव्हा मोठा दवाखानाही महिपतचाच. त्याचं पोट दारातून आधी आत यायचं, आणि ती कापसाची वाळली पऱ्हाटी. तिचं नाव कोण घेणार? कापूस घरात आला की आदिलाबादला जायचं ठरलं. तोवर तिनं त्याला काडी उचलू दिली नाही. हापशीचं पाणी तिनं आणलं, कापसाची गाठोडी तिनं वाहिली. चढावर तिला दम लागे, कधी जबडा ठणके, पाठ धरे. महिपत बाजेवरून सांगे, "पित्त असन. सोडा घे." ती घेई. त्या दिवशी तिनं शेताच्या धुऱ्यावर गाठोडं टेकवलं, जरा बसते म्हणाली, आणि बसली ती बसलीच.

आज मृत्यूच्या दाखल्यासाठी आधार कार्ड शोधताना पूनमला पेटीत शिबिराचे कागद सापडले. पूनम त्यांची लेक, मंचेरियलला दिलेली. शाळा तेलुगूत झालेली. वाचता वाचता ती खाली बसली.

"बाबा, ते बाई नेमकं काय म्हणली होती?"

महिपतनं शब्दन्‌शब्द सांगितला.

"कालेयम म्हंजे काळीज नाई, बाबा. लिव्हर. बोकडाची कलेजी असते ना, ते." तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "गुंडे म्हंजे काळीज."

"पण तुयी आई तं काडी होती."

"बाईमाणसाच्या काळजाले जे राखण असते, ते शुगर झाली का जाते म्हंतात. तुमची चरबी पोटावर दिसे. आईची आतून काळजाले लागली होती. कोणाले दिसन?"

महिपतला काहीच वाटलं नाही. आपल्याला काही वाटत नाही, याची तेवढी त्याला लाज वाटली. तो उठला, दोन बादल्या घेऊन हापशीवर गेला. पूनम मागून हाका मारत होती. दोन्ही बादल्या काठोकाठ भरून तो चढ चढून आला, रांजणात ओतल्या, पुन्हा गेला. रांजण भरला तशी पातेली भरली, मग जयवंताबाईचा पाणी प्यायचा तांब्याही.

मग दारात उभं राहून त्यानं छातीवर हात ठेवला. आत सगळं ठणठणीत चाललं होतं.