मिठाचं बघ

ओट्यावर सहा पाकिटं होती. प्रत्येकावर चोवीस छापलेलं, पण सगळी फोडून मोजली तेव्हा सॉसेज भरले एकशे त्रेचाळीस; एका पाकिटात तेवीसच निघाले. बोटाच्या दोन पेरांएवढे, गुळगुळीत, चिकनचे. शेजारी मिक्स फ्रूट जॅमच्या तीन बाटल्या, टोमॅटो सॉसचे दोन कॅन, मोहरीची पेस्ट, व्हिनेगर, लाल तिखट, मिठाचा डबा. टूथपिकची दोन खोकी होती, ती मी मोजली नाहीत. गॅसच्या चार बर्नरपैकी चालू तीन. आणि चव घेणारी जीभ एक.

ती माझी होती.

ताई या हॉलची मुख्य स्वयंपाकीण. हॉल समारंभांना भाड्याने जातो आणि खाणं मागच्या या स्वयंपाकघरातून जातं. तापातून उठल्यापासून तिला वास येत नाही, आणि वासापाठोपाठ चवही गेली. मी तिला म्हटलं, वास गेला तरी खारट, गोड, आंबट एवढं जिभेला कळायला पाहिजे, पुस्तकात तसंच आहे. ती म्हणाली, "मग पुस्तकाला जेवायला वाढ." तिला सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागत होतं. डॉक्टर म्हणाले होते, येईल परत, कधी ते सांगता येत नाही.

हॉलमध्ये तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या रविवारी तिने अंदाजाने सूप केलं. चाळीस वाट्या बाहेर गेल्या आणि बहुतेक भरलेल्याच परत आल्या. हॉलच्या व्यवस्थापक बाई धुण्याच्या टाकीपाशी उभ्या राहून त्या वाट्यांकडे बघत होत्या. फक्त "पुढच्या वेळी बघू" म्हणाल्या. मग एका वाढप्याकडून ताईला कळलं की बाईंनी दुसऱ्या एका स्वयंपाक्याला विचारून ठेवलंय.

पुढची वेळ म्हणजे आज. एका ऑफिसमधल्या कुणाच्या निवृत्तीची पार्टी, पन्नासेक माणसं, आणि जेवणाआधी फिरवायला गोड-तिखट कॉकटेल सॉसेज. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. आज सुट्टी टाकून आले होते. बाईंना सांगितलं होतं, धाकटी बहीण, मदतीला आलीय.

"मदत म्हणजे काय करणार ही?" बाईंनी विचारलं होतं.

"टूथपिक टोचेल," ताई म्हणाली होती.

घरात आम्ही नाकाच्या म्हणींवर बंदी घातली होती. 'नाकी नऊ आले' नाही, 'नाक मुरडू नकोस' नाही. भाऊजी एकदा चुकून 'नाकासमोर चालणारा माणूस' म्हणाले, तर ताई चालू जेवणातून उठून गेली होती. म्हणून आज तोंड सांभाळून बोलत होते.

ताईने मोठ्या तव्यात सॉसेज परतायला घेतले. आता ती कानाने स्वयंपाक करते. तेलाचा आवाज बारीक झाला की आच वाढवते, तडतड वाढली की तवा हलवते. पण तिचा कानांवरही पुरता भरवसा नव्हता.

"वास कसा येतोय?"

"चांगला."

"चांगला म्हणजे? भाजल्याचा की करपल्याचा?"

"भाजल्याचा."

"नक्की?"

"ताई, नक्की."

दोन मिनिटं गेली. "आता?"

"आता तू अजून एकदा विचारलंस तर करपल्याचा येईल, माझ्या डोक्याचा."

ती हसली नाही. तवा उतरवला आणि दुसऱ्या बर्नरवर पातेलं चढवलं. दोन बाटल्या जॅम, एक कॅन टोमॅटो सॉस, व्हिनेगर, चार चमचे मोहरीची पेस्ट. जॅम वितळला तसा सॉस तांबूस, चकचकीत झाला. तिने पळी बुडवून वर काढली, सॉस कसा ओघळतो ते पाहिलं, पुन्हा बुडवली. हात सवयीने ओट्यावर फिरत होता, डबे उघडत होता, झाकत होता. मी टूथपिक मांडत होते. तिच्या हाताकडे माझं लक्ष नव्हतं.

मागच्या दारावर थाप पडली. बर्फवाला आला होता.

"मिठाचं बघ गं," ताई म्हणाली आणि दाराकडे गेली.

मी बघितलं. म्हणजे मला जे बघणं वाटलं ते केलं. वजनकाटा जवळ ओढला, सॉस किती, त्याला मीठ किती लागेल याचा हिशेब केला, सॉसेजमध्ये मुळातच मीठ असतं म्हणून थोडं वजा केलं आणि बारा ग्रॅम मोजून टाकलं. नीट ढवळलं. सगळे सॉसेज पातेल्यात सोडले, म्हणजे सॉस त्यांना धरेल. मंद आचेवर दहाएक मिनिटं रटरटू दिले.

ताई बर्फाची पोती मोजून आत आली. "लागलं का नीट?"

"काय?"

"मीठ."

"टाकलं ना."

"टाकलं?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला टाकायला कुणी सांगितलं?"

"तूच म्हणालीस, मिठाचं बघ."

"अगं, बघ म्हणजे चाखून बघ! मी टाकलं होतं!"

"मग 'मीठ बघ' म्हणायचं. 'मिठाचं बघ' म्हणजे मिठाची व्यवस्था बघ. पाण्याचं बघ म्हटलं तर पाणी भरायचं असतं, पिऊन नाही बघायचं."

"व्याकरण शिकवतेयस मला? आत्ता?"

मी एक सॉसेज टूथपिकवर उचलून तोंडात टाकला. आधी गोड लागलं. मग घशात खार उतरला आणि तिथेच बसला. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं, कारण तिने स्टूल ओढलं आणि बसली.

"किती टाकलं होतंस?" मी विचारलं. "तेवढं कळलं तर हिशेब मांडता येईल. दुप्पट झालं असेल तर अर्धा सॉस काढायचा आणि तेवढाच बिनमिठाचा घालायचा."

"नेहमीएवढं."

"नेहमीएवढं म्हणजे किती?"

"हाताने टाकते मी. मुठीतनं." तिने स्वतःची मूठ उघडून बघितली. "एकदा टाकलं. मोहरी घातल्यावर." थांबली. "की मोहरीच्या आधीही एकदा टाकलं?"

"आठव."

"नाही आठवत गं. एरवी आठवायला लागत नाही, जिभेवर असतं ते."

म्हणजे हिशेबाला आकडाच नव्हता. राहिली माझी जीभ. आम्ही पातेल्यातला निम्मा सॉस पळीने काढून टाकला. उरलेला जॅम आणि दुसरा कॅन ओतला, वर थोडं व्हिनेगर आणि गरम पाणी. मी चाखलं. खारट. अजून पाणी घातलं तर सॉस धरणार नाही म्हणून तो आटू दिला. चाखलं. खारट वाटला. पाण्याने चूळ भरून चाखलं. आता गोडही कळेना. पाचव्या सॉसेजनंतर तोंडात काय आहे आणि काय आधीचं उरलंय हे मला सांगता येईना. प्रयोगशाळेत यंत्र असं वागलं की आम्ही ते धुऊन, मापात आणून पुन्हा वापरतो. जिभेचं तसं करता येत नाही.

"कसा झालाय?" ताईने विचारलं.

"मला नाही कळत."

"मला नाही कळत म्हणजे काय?"

"म्हणजे माझीही गेली. तात्पुरती. तासाभराने येईल."

बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येऊ लागले होते. कुणीतरी माइक तपासत होतं, हॅलो, हॅलो, एक, दोन.

"बाईंना चाखायला दे," मी हळूच म्हणाले.

ताईने मान हलवली. "इतक्या वर्षांत मी कुणाला चाखायला दिलेलं नाही. आज दिलं की संपलं. त्यांना लगेच कळेल."

"आणि नाही दिलं तर?"

"तर पन्नास जणांना कळेल," ती म्हणाली. हे तिने मला उत्तर म्हणून सांगितलं नव्हतं, स्वतःलाच सांगितलं.

तेवढ्यात दार ढकलून बाईच आत आल्या. ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले, चष्मा साखळीने गळ्यात. "अजून ट्रे भरले नाहीत? लोक आले. काय कुजबुज चाललीय दोघींची?"

ताई उठली. पातेल्यातून एक सॉसेज टूथपिकवर घेतला, खाली दुसरा हात धरला आणि बाईंसमोर नेला. 

"बाई, मिठाचं बघा," ती म्हणाली. मग माझ्याकडे एकदा बघून, "म्हणजे, चाखून बघा. मला चव लागत नाही."

बाईंनी सॉसेज घेतला. तोंडात टाकला. फार हळू चावत राहिल्या. पातेल्यात एक मोठा बुडबुडा येऊन फुटला.

"खारट आहे," त्या म्हणाल्या. "फार नाही. पण आहे. कधीपासून लागत नाही?"

"तापानंतर."

"म्हणजे ते सूप—"

"हो."

"मला वाटलं, तुझं मन उडालं कामावरून." बाईंनी टूथपिक ओट्यावर ठेवली. "चव गेली असं सांगितलं असतंस तर डॉक्टर गाठला असता. मन उडालेल्या माणसाचं काय करायचं, दुसरा माणूस बघायचा. मी तेच करत होते."

"मला भीती वाटली."

"ते दिसतंय. आणि ही टूथपिक टोचणारी?"

"मी चाखायला आले होते," मी म्हणाले. "पण खूप चाखलं."

"हुशार दिसतेस. खारट पातेल्यातनं पाच वेळा खाल्लंस आणि मग जिभेला दोष देतेस." त्या ताईकडे वळल्या. "नुसती उभी राहू नकोस. काय घालायचं ते घाल, मी सांगते कसं लागतंय ते."

ताईने बाटल्यांच्या तळाशी चिकटलेला जॅम गरम पाण्याने हलवून काढला आणि तो पातेल्यात ओतला. एक उकळी येऊ दिली. बाईंनी दुसरा खाल्ला. "आता मिठाई झाली."

मोहरी दोन चमचे, तिखट चमचाभर. ताई घालत होती आणि बाईंच्या तोंडाकडे बघत होती, लहान मूल शिक्षकांच्या तोंडाकडे बघतं तसं. बाईंनी तिसरा खाल्ला.

"कसा आहे?" मी विचारलं, कारण ताईला विचारवेना.

"मला कसा लागतो याला अर्थ नाही. मी दुपारचं जेवलेले नाही, मला आत्ता दगडही गोड लागेल. बाहेर जाऊ दे." दारापाशी जाऊन त्या थांबल्या. "आणि ऐक. कारण कळलं म्हणून सगळं झालं असं समजू नकोस. पाहुण्यांना ताटात कारण वाढता येत नाही. ट्रे परत येऊ देत. किती उरतं ते बघू, मग बोलू."

"बघू म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे मोजू," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

पाच मी खाल्ले होते आणि तीन बाईंनी. ताईने उरलेले एकशे पस्तीस तीन ट्रेमध्ये लावले, मी प्रत्येकात टूथपिक टोचली. वाढपी ते घेऊन गेले.

दाराला डोळ्यांच्या उंचीवर एक गोल काच होती. मी तिथे उभी राहिले. ताई टाकीपाशी धुतलेलं पातेलं परत धूत होती.

"कुणी घेतले?"

"उंच माणसाने एक घेतला. खाल्ला."

"तोंड कसं केलं?"

"तो बोलतोय, कळत नाही. आता एका बाईने दोन घेतले."

"दोन्ही खाल्ले?"

"एक खाल्ला. दुसरा हातात आहे. ती कुंडीकडे चाललीय."

"कुंडीकडे कशाला?"

"मला काय माहीत. खांबाआड गेली."

पाण्याचा आवाज बंद झाला आणि परत सुरू झाला. करड्या कोटातल्या एका म्हाताऱ्याने एक घेतला, निरखून बघितला आणि कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशाकडे नेला. मी हे ताईला सांगितलं नाही. मग भाषण सुरू झालं, माणसांच्या पाठी काचेसमोर आल्या आणि ट्रे दिसेनासे झाले.

"दिसतंय का काही?"

"पाठी."

"मग कशाला तिथे नाक खुपसून उभी आहेस?" ताई म्हणाली. शब्द निसटल्यावर ती थबकली. मी तिच्याकडे बघितलं. तिने ओल्या हाताने तोंड पुसलं आणि पातेलं पुन्हा नळाखाली धरलं.

टाळ्या झाल्या, माणसं जेवायला बसली, तेव्हा बाईंनी ट्रे आत आणायला सांगितले. मी फक्त ट्रे मोजून थांबले नाही. एक ताट घेऊन हॉलच्या कडेने फिरले. टेबलांवरच्या बशा बघितल्या, नॅपकिन उलगडले, खिडकीच्या कट्ट्यावर बघितलं, खांबाआडच्या कुंडीत टूथपिकने माती उकरली. म्हाताऱ्याच्या खुर्चीखाली त्याचा नॅपकिन पडला होता, तोही उचलला. परत आले तेव्हा बाई चष्मा लावून ओट्यापाशी उभ्या होत्या. ताईने नळ बंद केला.

"किती?" बाईंनी विचारलं.

मी ताट त्यांच्यासमोर ठेवलं. तिन्ही ट्रेमध्ये मिळून एकही नव्हता. नॅपकिनमध्ये चार, बशांत अर्धे खाल्लेले दोन, कुंडीत एक.

"एकशे पस्तीसपैकी सात," मी म्हणाले.