मार्कसची अर्धी मॅच

माझा नवरा कॉर्नेलियस तोंडाचा इतका घट्ट, की त्याच्या पोटात दुखलं तर मला ते तिसऱ्या दिवशी कळतं. याचं मूळ वसईत आहे. तो शाळकरी असताना त्याच्या थोरल्या बहिणीची, व्हेरॉनिकाची, सोयरीक जमली आणि या पठ्ठ्याने ती भर बाजारात सांगून टाकली. चर्चमध्ये फादरांनी वेदीवरून नावं पुकारेपर्यंत असली बातमी ओठाबाहेर काढायची नाही, हा आमच्याकडचा नियम. आठवड्याभरात सोयरीक मोडली. मोडायला कारणं शंभर होती, पण घरात खापर फुटलं याच्या डोक्यावर. दुधाने तोंड पोळलेला हा माणूस तेव्हापासून ताकच काय, साधं पाणीही फुंकून पितो. एरवी मी त्याची थट्टा करते. मार्कसची गोष्ट निघाली की मात्र मला संताप येतो.

हा मार्कस वसईचा नव्हे. अमेरिकेतला काळा माणूस, साडेसहा फुटांच्या वर उंच, बहारीनमधल्या मुहर्रकच्या एका क्लबने पगार देऊन आणलेला बास्केटबॉलपटू. त्र्याऐंशी सालची गोष्ट, आम्ही दोघं तेव्हा बहारीनला नोकरीला होतो. सुरुवातीला क्लबने त्याला मनामातल्या एका हॉटेलात ठेवलं होतं, आणि कॉर्नेलियस तिथे टेलिफोन ऑपरेटर. आमच्या सासरी एक मार्कस काका आहेत. तेवढ्या नात्यावर हा त्याला एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर जेवायला घेऊन आला. आल्या आल्या पाहुण्याचं कपाळ आमच्या चौकटीला लागलं. पुढे क्लबने त्याला बुसैतीनला फ्लॅट दिला, पण शुक्रवारचं जेवण आमच्याकडेच. बोंबलाचं कालवण तो बोटं चाटून खायचा, घाम पुसायचा आणि पुन्हा वाढून घ्यायचा.

स्वतःबद्दल तो हसत सांगायचा. कॉलेजात त्याचं नाव पेपरात छापून यायचं. मग तिकडच्या मोठ्या टीमने सरावाला बोलावलं आणि सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी घरी पाठवलं. मग इटली. इटलीत चार वर्षं चांगली गेली. मग तुर्कस्तान, आणि मग बहारीन, जिथे टीममधली बाकीची पोरं दिवसा बँकेत आणि एअरपोर्टवर नोकरी करून संध्याकाळी खेळायला यायची.

"एकेक पायरी खाली उतरत आलोय," तो म्हणायचा. "याच्या खाली आता फक्त समुद्र आहे."

तो बत्तीस वर्षांचा होता. खेळण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि हे तो हसताना सांगत नसे.

मार्चमध्ये त्याचा डावा गुडघा सुजला. मी हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स होते, म्हणून क्लबला न सांगता तो आमच्याकडे आला. आमच्या वॉर्डातल्या, मूळच्या पुण्याच्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून, फिरवून पाहिला आणि सरळ सांगितलं: आतली गादी फाटली आहे. ऑपरेशन करून विश्रांती घेतली तर सप्टेंबरात पुन्हा खेळू शकशील. त्याआधी पाय एकदा जरी जोरात मुरगळला, तर कायमचं संपलं.

क्लबला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी विमानाचं तिकीट हातात पडलं असतं. प्रत्येक टीमला परदेशी खेळाडू एकच ठेवता यायचा. लंगडा परदेशी कोण पोसणार? आणि नेमका त्याच आठवड्यात बेल्जियमच्या एका टीमसाठी खेळाडू शोधणारा माणूस बहारीनमधून पुढे जाणार होता. गुरुवारी संध्याकाळची मॅच बघणार, त्याच रात्रीच्या विमानाने निघणार. त्याला आवडलं तर सप्टेंबरपासून पुन्हा युरोप.

"ही एक मॅच खेळतो आणि मग ऑपरेशन करतो," मार्कस म्हणाला.

"अरे, गुडघ्यात काही उरलेलं नाही," मी म्हटलं. कॉर्नेलियस शेजारीच बसला होता. त्याच्याकडे वळून म्हटलं, "तू तरी समजाव याला."

"एकच तर मॅच आहे, रेजिना," माझा नवरा म्हणाला. "इंशाल्ला, होईल सगळं नीट."

बेल्जियमवाला उतरला कॉर्नेलियसच्याच हॉटेलात. त्याला मैदानावर आणण्याचं काम याने हौसेने अंगावर घेतलं.

त्या संध्याकाळी मार्कस जसा खेळला तसं मी कुणाला खेळताना पाहिलेलं नाही. मला त्या खेळातलं फारसं कळत नाही, पण लोक उभे राहून ओरडत होते एवढं कळत होतं. समोरच्या टीमचा परदेशी होता डेनिस नावाचा, तोही अमेरिकन, कोवळा पोरगा. मार्कसने त्याला अक्षरशः नाचवलं. एकदा डावीकडून घुसला, हवेत गेला आणि हात बदलून चेंडू जाळीत टाकला. बेल्जियमवाला खुर्चीवरून अर्धवट उठलेला मी पाहिला. मार्कस खाली आला तो मात्र एकाच पायावर.

हाफटाइमच्या जरा आधी तो साहेब विमान गाठायला उठला. कॉर्नेलियस त्याला टॅक्सीपर्यंत सोडायला गेला आणि परत आला तो तोंडाला कुलूप घालून, पण कान लाल झालेले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

हाफटाइमला बाकावर बसलेल्या मार्कसने रिकामी खुर्ची पाहिली. त्याने लांबून हात पसरून विचारलं, कुठे गेला? कॉर्नेलियस हसला, मूठ वर केली आणि चल, हो पुढे, अशा अर्थाने ओरडला, "यल्ला मार्कस, यल्ला!" मार्कसने मान डोलावली आणि गर्दीवरून नजर फिरवली.

दुसऱ्या हाफमध्ये तो आणखी जोरात खेळायला लागला. थोड्याच वेळात तसाच हवेत गेला, खाली येताना पाय वळला आणि तो पडला. दोन्ही हातांनी गुडघा धरून पडून राहिला. मी धावत गेले. गुडघ्याला हात लावताच मला कळलं, खलास.

सकाळी तो माझ्याच वॉर्डात होता. डॉक्टर येऊन सांगून गेले होते. छताकडे बघत तो मला म्हणाला, "मी ठरवलं होतं, रेजिना. तो माणूस गेला की पायात गोळा आला म्हणायचं आणि बसायचं. कॉर्नेलियसला विचारलं, तर त्याने खेळ म्हणून सांगितलं. मला वाटलं, साहेब गर्दीत कुठेतरी उभा राहून बघतोय."

कॉर्नेलियस पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. आता त्याचं तोंड उघडलं. टॅक्सीत बसताना साहेबाने याचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, 'मला हवा तो माणूस सापडला. उद्या सकाळी फोन करतो.'

"मग सांगितलं का नाहीस?" मी वॉर्डात आहे हे विसरून ओरडले.

"पक्कं झालं नव्हतं ना," तो म्हणाला. "फोन आल्यावर सांगणार होतो. आधी सांगितलं आणि मोडलं असतं तर?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तो रडत होता म्हणून हात उचलला नाही.

आणि फोन आला. हॉटेलातल्या पोरांनी आमच्या वॉर्डाचा नंबर दिला होता. मी मार्कसला चाकाच्या खुर्चीत बसवलं, पट्टीतला पाय फळीवर ठेवला आणि फोनच्या टेबलापर्यंत नेलं. साहेबाचा आवाज एवढा खणखणीत की मलाही ऐकू येत होता. दोन वर्षांचा करार, घर, शाळेतल्या मुलांना शिकवायचं कामही. कधी येता?

मार्कस म्हणाला, "सर, तो डावीकडचा शॉट तुम्ही पाहिलात ना? हात बदलला तो?"

"पाहिला म्हणजे? असा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता!"

"एकदा पुन्हा सांगाल, कसा दिसला?"

साहेबाने सांगितलं, अगदी रंगवून सांगितलं. मार्कस डोळे मिटून ऐकत होता. साहेब थांबल्यावर मार्कसने शांतपणे सांगितलं की तुम्ही गेल्यावर गुडघा गेला, आता मी खेळणार नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, असं साहेब दोनदा म्हणाला. मग घसा खाकरून त्याने विचारलं, समोरच्या टीममधला तो तरुण कोण?

कॉर्नेलियसने चेहरा भिंतीकडे फिरवला.

"डेनिस," मार्कस म्हणाला. "चांगला पोरगा आहे. उतावळा आहे थोडा, पण शिकेल. गुडघे धडधाकट आहेत त्याचे. घ्या त्याला."

त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"रेजिना," तो म्हणाला, "मला परत नेऊन ठेव."