संध्याकाळी थांबा

"वहिनी, फोन आला की लगेच नाचू नकोस. बक्षीस कुणाला, ते विचार आधी," नणंद सकाळीच म्हणाली होती. मी म्हटलं, "शुभ बोल गं बाई!"

ती आमच्या सिनेमाची संकलक, माझा नवरा दिग्दर्शक. या महोत्सवाची रीत अशी की ज्यांना काही मिळणार, त्यांनाच निकालाच्या दिवशी दुपारी फोन येतो. 'संध्याकाळी थांबा', बस. काय मिळणार, कुणाला, ते सांगत नाहीत. फोन नाही आला, तर बॅग भरायची.

फोन आला तेव्हा तो आंघोळीला गेला होता. "तुमच्या टीमनं थांबायचंय." मी पोरीला कडेवर घेऊन बाथरूमचं दार बडवलं. "अरे, आला! तुलाच!"

ओल्या अंगानं बाहेर येऊन तो किती महिन्यांनी हसला. "सुटलो गं. नाहीतर आता मी काही उभा राहिलो नसतो." तेव्हा मला ते आनंदाचंच बोलणं वाटलं.

संध्याकाळी जाहीर झालं सर्वोत्कृष्ट संकलन. याच कापाकापीवरून भावंडांचा अबोला होता. त्याचा जीव अडकलेला शेवट तिनं उडवला होता. परीक्षक माइकवर म्हणाले, "संकलनानं सिनेमा वाचवला." त्यानं टाळ्या वाजवल्या, सगळे थांबल्यावरही. दिग्दर्शनाचं बक्षीस भलत्यालाच गेलं.

"पोरीची बाटली भरून आणतो," म्हणून तो उठला. भरलेली बाटली माझ्याच पिशवीत आहे, हे तो दाराबाहेर गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्याचा फोन खुर्चीवरच राहिलाय. नणंद ट्रॉफी काखेत मारून सगळे जिने पालथे घालतेय. "वहिनी, मला नको हे. दादा कुठंय?" दारावरचा रक्षक म्हणतो, "मोठा माणूस आहे ताई, येईल."

कसा येईल? हरला की तो भांडत नाही, रडत नाही. नुसता चालत सुटतो. आणि इथून सगळे रस्ते उतरतात नदीकडे.

पोरगी खांद्यावर तापलीय, मला धावता येत नाही. सभागृहाच्या पायरीवर बसून एका हातानं हे लिहितेय, महोत्सवाच्या ग्रुपवर टाकतेय. तुम्ही पुलाच्या बाजूला असाल तर कठड्यापाशी बघा ना. उंच आहे, उसना काळा कोट, बाह्या मनगटाच्या वर. काही समजावू नका. नुसते त्याच्याजवळ उभे राहा, मी येईपर्यंत.