बारा वॅटचा डबा

मित्रांनो, गोरेगावच्या बाजारात शाहिस्ताताईचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. तिथल्या खणात राहणारा मी एक जुना वीजमापक आहे. तळहाताएवढा. मला भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसवतात आणि माझ्यात दुसरे उपकरण लावतात. मग त्याची वीज माझ्यातून वाहते, आणि झोपेत कुणी नदीकाठाने नेत असल्यासारखे मला वाटते. ज्या कारखान्यात जन्मलो, तो आता आठवत नाही. आठवते ते साखरा गावचे शेतातले घर.

तिथे भिकाबाई शेळ्या राखायच्या. त्यांना दमा होता, वाफेचे मशीन घ्यावे लागे. घराला सोलरची एकच बॅटरी, तीही सकाळपर्यंत संपत यायची. "मायचं मशीनच बॅटरी खाऊन राहिलं," असे मुलगा परमेश्वर म्हणायचा. म्हणून भिकाबाईंनी मशीन गाठोड्यात बांधून ठेवले होते.

शाहिस्ताताई मला घेऊन तिथे टीव्ही दुरुस्तीला गेली, तेव्हा भिकाबाईंना धाप लागली होती.

"मावशी, मशीन काहून न्हाई घेत?"

"माझ्यापायी घर अंधारात काहून ठिवू, लेकरा?"

ताईने मला सॉकेटमध्ये बसवले आणि त्यांना दहा मिनिटे वाफ दिली. माझ्यावर आकडा आला : एकशेवीस वॅट.

"पाहा! मी बराबर म्हणत होतो," परमेश्वर म्हणाला. भिकाबाईंनी मान खाली घातली.

मग ताईने इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारा टीव्हीचा डबा मला जोडला. टीव्ही बंद होता, तरी बारा वॅट.

"बाराच की!"

"मशीन दहा मिनटं चालतं, भाऊ. हा डबा बंद कधी व्हतो?"

ताई मला डब्याला जोडलेलाच ठेवून गेली. दिवस कलला, शेळ्या परतल्या, पुन्हा उजाडले. माझ्यातून एक बारीक धार अखंड वाहत होती. कुणी पाहत नसतानाही तो डबा दूरदेशीची गाणी उशाशी घेऊन जागाच होता.

दुसऱ्या दिवशी ताईने आकडे वाचले. चोवीस तासांत डब्याचे दोनशे अठ्ठ्याऐंशी वॅट-तास. मशीन दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे लावले, तरी हिशेबाने चाळीसच.

परमेश्वरने आकडे दोनदा पाहिले. डब्याची पिन स्वतः ओढली. मग गाठोडे सोडून मशीन आईपुढे ठेवले.

"माय, घे. चुकलं माझं."

पांढरी वाफ उठली. भिकाबाईंचा श्वास हळूहळू मोकळा झाला.

आता माझे आकडे पुसट झाले आहेत. महिनोन्महिने मला कुणी बाहेर काढत नाही. तरी एक मागणे आहे, मित्रांनो. पाहून झाले की डब्याचे बटण भिंतीवरच बंद करा. आणि घरातल्या कुणाला 'तुझ्यामुळे' म्हणण्याआधी एक पुरा दिवस मोजून पाहा. त्या एका शब्दाने कुणाचा तरी श्वास कोंडतो.