दुधाचा वास नसलेला कारखाना

फाटकातून आत शिरताच पंपवाल्याला खटकलं. पाटी दुधाच्या भुकटीच्या कारखान्याची, पण दुधाचा वास कुठेच नाही. भांड्यातली हवा पार ओढून घेणारे पंप दुरुस्त करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कितीही धुतलं तरी डेअरीच्या भिंतींचा आंबूस वास जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इथले पंप त्याच्याच मेहुण्याने विकलेले. मेहुणा विकायचा, हा दुरुस्त करायचा.

"इकडेतिकडे बघू नका," रखवालदाराने बजावलं. "पंप बघा आणि निघा."

पंपात दोष नव्हता. गळती शोधत नळीवरून हात फिरवत तो पुढे गेला आणि एका अर्धवट उघड्या दारापाशी थबकला. आत माणसाहून उंच, चकचकीत नळकांडी ओळीने उभी होती. त्यांचा डासासारखा बारीक, न थांबणारा आवाज येत होता. पंप बनवणाऱ्या कंपनीने प्रशिक्षणात अगदी असंच चित्र दाखवलं होतं. अशा यंत्रांतून कामाचं युरेनियम बिनकामाच्यातून वेगळं करतात, आणि जो हे चोरून करतो, त्याला बाँब हवा असतो.

"काय पाहिलंत?" मागून रखवालदार.

"नळी. गळती इथे नाही."

रखवालदार त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग सहज विचारावं तसं म्हणाला, "मुलगी कितवीत आहे हो तुमची?"

मुलीचा विषय पंपवाल्याने काढलाच नव्हता.

घरी आला तर मेहुणा जेवायला बसलेला. पंपवाल्याने चपलाही न काढता सगळं सांगितलं. बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला.

"छोटू, तुला माहीत होतं?" तिने भावाला विचारलं.

मेहुण्याने ताटातून मान वर केली नाही. "ताई, मी पंप विकतो. पुढे त्याचं काय करतात, ते त्यांचं ते बघतील. आणि यांना एकट्यांनाच विकलेत थोडेच? शेजारच्या दोन देशांतूनही मागणी आहे. एकाने केलं की दुसऱ्याची झोप उडते. मी नाही विकले तर दुसरा कुणी विकेल."

बाँब म्हणजे कुठल्यातरी लांबच्या बड्या देशांचं लफडं, असं पंपवाला आजवर समजून होता. आता एकमेकांना चळचळा कापणारे तीन शेजारी त्याच्या डोळ्यांपुढे आले. एखाद्या दिवशी कुणाला तरी हल्ल्याचा नुसता भास झाला, तरी संपलं.

मेहुणा हात धुऊन तणतणत निघून गेला. बायकोने खिडकी लावून घेतली.

"सांगून टाका."

"त्या रखवालदाराला आपली पोर माहीत आहे गं!"

"म्हणून तर सांगा. तिला इथेच जगायचंय ना?"

मुलीच्या शाळेतल्या फोनवरून त्याने पंप बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. कंपनीने पुढे खबर दिली आणि अणुबाँबचे कारखाने तपासणारे परदेशातून आले, पण तोवर ते दालन रिकामं झालं होतं. फरशीला ताजा रंग होता. पंप, नळकांडी, रखवालदार, सगळं गायब. कुठे गेलं, कुणालाच कळलं नाही. मेहुण्याचं दुकान बंद पडलं आणि त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. पंपवाल्याने बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवलं. मुलीला शाळेत सोडायला आणि आणायला तो स्वतः जाऊ लागला. वाटेत कुणी नुसती वेळ विचारली तरी तो तिचा हात घट्ट धरायचा.

पुढे एका सकाळी तो दाढीला बसला असताना रेडिओवर बातमी लागली. शेजारच्या एका देशाने बाँबची चाचणी केली होती. यशस्वी झाली होती.

"आता आपल्याकडेही पाहिजे," न्हावी त्याच्या गळ्यावर वस्तरा टेकवत म्हणाला. "त्याशिवाय धाक राहत नाही. काय म्हणता?"

बाकावरच्या दोघांनी माना डोलावल्या. पंपवाल्याला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मान हलवायचीही सोय नव्हती. तो डोळे मिटून, श्वास रोखून तसाच बसून राहिला.